पुरीला जायचं की नाही, हे गुरुवारी रात्री ठरवा

पत्र

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मिस्टरांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, त्याला वर्षातून एकदा, दिवाळीतच काय ती आठवडाभर सुट्टी. सासूबाईंच्या मनात कित्येक वर्षांपासून जगन्नाथपुरी आहे. यंदा ठरलं. येत्या शुक्रवारी रात्री कोणार्क एक्स्प्रेसने आम्ही सहा जण इथून बसणार, दीर-जाऊ त्याच गाडीत पुण्याहून. खुर्दा रोडला उतरून पुरी, आणि पुढच्या गुरुवारी परत. हॉटेलचे निम्मे पैसे भरलेत. आता बातम्यांत सांगतात, बंगालच्या उपसागरात वादळ तयार होतंय आणि शनिवार-रविवारी आंध्र-ओडिशाकडे येईल. मिस्टर म्हणतात, चॅनेलवाल्यांना दुसरं काम नाही. सासरे म्हणतात, जगन्नाथ बघून घेईल. दीर म्हणतात, रेल्वे रद्द झाली तर इनोव्हा काढू. मी दोनदा 'नको' म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "शुभ काम निघालं की हिचं सुरू." त्यांना शुगर आणि बीपी आहे, गुडघे दुखतात. मुलं नऊ आणि तेरा वर्षांची. तिकिटं आजच रद्द करू का? की गप्प बसू?
— सौ. क., सोलापूर

उत्तर

ताई,

हे सदर रविवारचं आणि तुमची गाडी शुक्रवारची, म्हणून वार मोडून आज मंगळवारीच लिहितेय.

दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं आधी. तिकिटं आज रद्द करू नका, आणि गप्पही बसू नका. जायचं की नाही ते गुरुवारी रात्री, जेवायला बसायच्या आधी, सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पण ते कशावरून ठरवायचं, एवढं मात्र आज रात्रीच पक्कं करून टाकायचं. तुमच्या घरात आत्ता माणसं तितकी मतं आहेत आणि प्रत्येकाला वाटतंय की दुसऱ्याला यातलं काही कळत नाही. मंगळवारी ते हवामान खात्यालाही पुरतं कळलेलं नसतं. गुरुवारी रात्री बरंच कळलेलं असतं. मधल्या दोन दिवसांत घरात वाद घालून कुणाच्या ज्ञानात भर पडणार नाही.

आज समुद्रात आहे ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. त्यातल्या वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरवर गेला की खातं त्याला डिप्रेशन म्हणतं, ५० वर गेला की डीप डिप्रेशन. ६२ गाठला की ते चक्रीवादळ, आणि नाव मिळतं ते तेव्हाच. ८९ पासून पुढे तीव्र, ११८ पासून अतितीव्र. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागराचा वादळांचा मोसमच आहे, त्यामुळे अशी क्षेत्रं उठत राहतात. काही समुद्रातच विरतात, काही तमिळनाडूकडे वळतात, काही नेमकी आंध्र-ओडिशाच्या अंगावर जातात. मिस्टर म्हणतात त्यात एवढं खरं आहे की चॅनेलवर तिन्हींना सारखंच लाल पार्श्वसंगीत लागतं.

खात्याची मात्र एक ठरलेली रीत आहे. किनाऱ्यावर त्रास सुरू व्हायच्या ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी केशरी. वादळ जमिनीवर यायच्या १२ तास आधी लाल पत्रक निघतं आणि ते आत कुठवर घुसेल ते सांगतं. (जिल्ह्याच्या पावसाच्या अंदाजालाही हेच रंग वापरतात, तेव्हा कुणी 'ओडिशाला यलो अलर्ट' असं पुढे ढकललं तर तो पावसाचा की वादळाचा, हे आधी विचारा.) वादळ शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे येणार असेल, तर गुरुवारी रात्रीपर्यंत ४८ तासांचा इशारा हातात असतो. म्हणून मी गुरुवार म्हणतेय. बुधवारी ठरवलंत तर घाई होईल, आणि शुक्रवारी दुपारी ठरवायला बसलात तर बॅगा भरलेल्या असतील, मुलांनी नवे कपडे घातलेले असतील आणि पुण्याहून दिरांची गाडी सुटायला आलेली असेल. भरलेल्या बॅगेसमोर 'नको' म्हणायची ताकद फार थोड्या घरांत असते.

आता तुमच्या गाडीचा रस्ता डोळ्यांसमोर आणा, कारण घरातले सगळे पुरीच्या हवेकडे बघताहेत आणि गाडीकडे कुणाचंच लक्ष नाही. कोणार्क रात्री सोलापूर सोडते. वाडी, सिकंदराबाद, वरंगळ करत शनिवारी विजयवाड्याला पोचते आणि तिथून पुढे समुद्राला सोबत घेऊनच चालते: राजमुंद्री, सामलकोट, विशाखापट्टणम, विजयनगरम, ब्रह्मपूर, चिलिकाचा काठ. गाडी वेळेवर असली तर शनिवारी संध्याकाळी विशाखापट्टणम आणि मध्यरात्रीच्या सुमारास ओडिशाचा किनारा. म्हणजे ज्या रात्री वादळ यायची भाषा चालली आहे, त्याच रात्री तुमची सहा माणसं त्याच किनाऱ्याने जाताहेत. पुरीत चांदणं पडलेलं असलं तरी काकीनाड्याजवळ (हे सामलकोटच्या शेजारचं आंध्रचं बंदर) वादळ आलं की तुम्ही सामलकोटच्या अलीकडे कुठेतरी उभे.

आणि त्यासाठी मोठं वादळच लागतं असंही नाही. २०२४ च्या १ सप्टेंबरला एक डिप्रेशन आंध्र किनाऱ्यावरच्या कलिंगपट्टणमजवळून आत शिरलं. त्याला नावही नव्हतं. पण तेलंगणात महबूबाबाद जिल्ह्यात केसमुद्रमजवळ रुळाखालचा भराव पाण्याने धुऊन नेला, रूळ अधांतरी लोंबकळत राहिले आणि काझीपेठ-विजयवाडा मार्ग काही दिवस बंद पडला. तुमच्या कोणार्कचा हाच मार्ग. त्याच वेळी हैदराबाद-विजयवाडा महामार्गावरही पाणी आलं आणि तोही बंद झाला.

हे शेवटचं वाक्य दिरांना वाचून दाखवा. सोलापुरातून जाणारा आपला ६५ नंबरचा महामार्ग हैदराबाद, विजयवाडा करत थेट मछलीपट्टणमला, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या काठावरच संपतो. पुरीसाठी विजयवाड्याला १६ नंबरचा धरायचा, तोही किनाऱ्यानेच. एकूण तेराशे किलोमीटरच्या वर रस्ता, रात्रीचं ड्रायव्हिंग, दुखऱ्या गुडघ्यांच्या सासूबाई मधल्या सीटवर. ज्या वादळाने रेल्वे थांबते, त्याच्यात इनोव्हा चालते हा शोध कुणी लावला? इनोव्हाचा विषय आजच संपवा. तो पर्याय टेबलावर राहिला तर गुरुवारी रात्री नेमका तोच वर येईल.

आता पुरी. ३ मे २०१९ ला 'फनी' पुरीजवळच जमिनीवर आलं, वाऱ्याचा वेग ताशी १७५ किलोमीटरच्या वर. ओडिशा सरकारने बारा लाखांच्या आसपास माणसं आधीच सुरक्षित जागी हलवली, पर्यटकांना पुरी सोडायला लावली, त्यांच्यासाठी आदल्या दिवशी खास गाड्या सोडल्या. त्यामुळे पुष्कळ जीव वाचले, पण पुरीच्या काही भागांत वीज परत यायला आठवडे लागले. वीज नाही म्हणजे नळाला पाणी नाही, एटीएम नाही, मोबाइलला रेंज नाही. दुसरं उदाहरण तुमच्या जास्त कामाचं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'दाना' आलं ते धामरा-भितरकनिकाकडे, पुरीपासून चांगलंच उत्तरेला. तरीही पर्यटकांना पुरी रिकामी करायला सांगितलं गेलं, कोणार्कचं मंदिर दोन दिवस बंद ठेवलं आणि पूर्व तटीय रेल्वेने दीडशेहून जास्त गाड्या रद्द केल्या. वादळ पुरीला चुकवून गेलं म्हणजे सहल वाचली असं होत नाही.

ओडिशाचे लोक या कामात आता तयार झालेत. १९९९ च्या ऑक्टोबरात महावादळात जवळपास दहा हजार माणसं गेली, त्यानंतर त्यांनी निवारे बांधले, गावागावांत माणसं तयार केली. पण त्या दोन-तीन दिवसांत तिथल्या पोलिसाला, हॉटेलच्या पोऱ्याला, रिक्षावाल्याला स्वतःचं घर सांभाळायचं असतं. तेव्हा सोलापूरहून आलेल्या आठ माणसांची सोय बघणं हे त्यांच्यावर आणखी एक ओझं. 'जगन्नाथ बघून घेईल' म्हणणाऱ्या सासऱ्यांना हे पटेल असं वाटतं. तिथे बघून घ्यायला जगन्नाथापाशी त्याची स्वतःची माणसं आधीच खूप असतील.

तर निकष असा ठेवा. गुरुवारी रात्री तीन गोष्टी बघायच्या. खात्याच्या पत्रकात आंध्रचं काकीनाडा ते ओडिशाचं पारादीप या पट्ट्यात कुठेही चक्रीवादळ किनारा ओलांडेल असं लिहिलंय का. रेल्वेने शुक्रवार-शनिवारच्या त्या मार्गावरच्या गाड्या रद्द करायला सुरुवात केलीय का. ओडिशा सरकारने पर्यटकांना येऊ नका किंवा निघा असं सांगितलंय का. यातलं एक जरी 'हो' असलं तरी जायचं नाही. तिन्ही 'नाही' असतील तर जायचं, आणि मग तुम्ही वाटेत कुरकुर करायची नाही. वादळ चेन्नई-पुदुच्चेरीकडे वळलं किंवा समुद्रातच विरलं तर खुशाल जा. अडचण एका अधल्यामधल्या शक्यतेची आहे: वादळ मछलीपट्टणम-बापटला भागात येणार असेल तर? २०२३ च्या डिसेंबरात 'मिचौंग' बापटल्याजवळच आलं होतं. अशा वेळी पुरी कोरडी राहील, पण तुम्ही शनिवारी दिवसा विजयवाड्यातून जाणार. धडधाकट कॉलेजची पोरं असती तर जा म्हटलं असतं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन मी तरी जाणार नाही.

पत्रक कुठलं? हवामान खात्याच्या वेबसाइटवरचं. चक्रीवादळ झालं की दर तीन तासांनी नवं निघतं. संध्याकाळी साडेपाचच्या नोंदींवरचं पत्रक जेवायच्या वेळेपर्यंत हाती येतं. इंग्रजी-हिंदीत असतं, तुमच्या तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला ते डाउनलोड करायचं काम द्या. त्यात एक नकाशा असतो. वादळाच्या वाटेची रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा. लोक रेघेवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हे बघ, पुरीला नाहीच." रेघ विसरा, अख्खा पट्टा बघा, वादळाचा मध्य त्यात कुठूनही जाऊ शकतो. आणि पट्ट्याची रुंदी म्हणजे वादळाचा आकार नव्हे. पाऊस-वारा त्या पट्ट्याच्या बाहेरही पोचतो.

वाचून दाखवायचं काम सासऱ्यांना द्या. तुम्ही वाचलंत तर ते तुमचं मत होईल, त्यांनी वाचलं तर ती बातमी. सोलापूरच्या त्या वयाच्या माणसाला गिरणीच्या भोंग्याची शिस्त समजावून सांगावी लागत नाही. भोंगा झाला की पाळी सुरू, कुणाला उठावंसं वाटतंय का हे कुणी विचारत नसे. गुरुवारचं पत्रक म्हणजे भोंगा, एवढंच त्यांना सांगा.

आणि आज रात्री घरच्या ग्रुपवर असा काहीतरी निरोप जाऊ दे: "पुरीचं गुरुवारी रात्री साडेआठला ठरवू. बाबा हवामान खात्याचं पत्रक वाचतील. काकीनाडा ते पारादीप वादळ येणार असेल, गाड्या रद्द होत असतील किंवा ओडिशा सरकारने नको म्हटलं असेल तर पुढची तारीख धरू. नाहीतर शुक्रवारी निघू. तोवर कुणी तिकीट रद्द करू नये, आणि कुणी व्हिडिओ पाठवू नयेत." हा निरोप मिस्टरांच्या फोनवरून गेला तर बरं. तुम्ही विचार करायचा आणि नाव त्यांचं व्हायचं, हा अन्याय आहे, कबूल. पण या आठवड्यात तुम्हाला काय हवंय ते ठरवा. न्यायाचं दिवाळीनंतर बघू, त्यावर वेगळं पत्र लिहा. मी आनंदाने उत्तर देईन.

सासूबाईंचं बोलणं लागलं असणार. त्यांच्या जागी बसून बघा. सत्तरीच्या बाईने 'पुढच्या वर्षी' हे शब्द किती वेळा ऐकले असतील? तुमचं 'नको' त्यांच्या कानाला 'आता कधीच नाही' असं ऐकू येतं, आणि गुडघे दरवर्षी जास्तच दुखतात हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेव्हा गुरुवारी 'नाही' ठरलंच तर त्याच बैठकीत नवी तारीख निघाली पाहिजे. तीही कॅलेंडरवर लिहून. मी जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी सुचवेन. त्या दिवसांत उपसागर सहसा शांत असतो, हवा कोरडी, ऊन सोसवणारं. आणि कार्तिकात पुरीत मरणाची गर्दी असते. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा माघात दर्शन सोपं. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे थोड्याच दिवसांत जानेवारीअखेरची तिकिटं काढता येतील. कारखान्याला तेव्हा सुट्टी नसेल, मान्य. मग मिस्टर घरी राहतील आणि दीर-जाऊ, तुम्ही आणि सासू-सासरे जाल. यात्रा सासूबाईंची आहे, कारखान्याची नाही. हे वाक्य मात्र तुम्हीच बोला, आणि त्यांच्या देखत बोला.

पैशाचं. आज घाईने रद्द करू नका म्हटलं त्याचं एक कारण हेही आहे. तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलंत की कपात होते, आणि गाडी जवळ येईल तशी ती वाढत जाते. रेल्वेने गाडी पूर्ण रद्द केली तर सगळे पैसे परत. ऑनलाइन तिकिटाचे आपोआप खात्यात येतात, काउंटरचं असेल तर ते घेऊन आरक्षण केंद्रावर जावं लागतं. गाडी रद्द झाली नाही पण सोलापुरातच तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तरीही पूर्ण परतावा मिळतो. फक्त गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायचा. गाडी दुसऱ्या मार्गाने वळवली आणि तुम्हाला तसं जायचं नसलं तरी टीडीआरच. गुरुवारी रात्री 'नाही' ठरलं पण गाडी अजून रद्द झालेली नसेल, तर कपातीचा आकडा ॲपवर बघा. शुक्रवारी सकाळपर्यंत थांबून रेल्वे काय करते ते बघायचं, का लगेच रद्द करायचं, हे त्या आकड्यावर ठरवा. शुक्रवार दुपारच्या पलीकडे मात्र लांबवू नका. दोन-अडीच हजार वाचवायच्या नादात सगळेच जातील.

इथे एक खाच आहे, तिच्यात बरेच जण पडतात. जाताना गाडी रद्द झाली म्हणून येतानाचं तिकीट आपोआप रद्द होत नाही. ते वेगळं. तुमचं पुढच्या गुरुवारचं आहे, तेव्हा 'नाही' ठरल्या रात्रीच रद्द केलंत तर सगळ्यात कमी कपात. दुसऱ्या दिवशी दुःखात विसरायला होतं. दिरांचं पुण्याहूनचं तिकीट वेगळं असेल तर त्यांनाही आठवण करा.

हॉटेलवाल्याला आजच फोन करा, पण पैसे परत मागू नका. तारीख पुढे नेता येईल का विचारा. वादळाच्या हंगामात किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं याला तयार होतात, कारण रोख परत करण्यापेक्षा त्यांनाही ते सोपं. फोनवर काय ठरलं ते लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्यांच्याकडून 'हो' घ्या. प्रवास विमा आता काढून उपयोग नाही. बातमीत आलेल्या वादळाचा धोका आता काढलेल्या विम्यात सहसा बसत नाही. पुढच्या वेळी तिकिटाबरोबरच काढा.

समजा, तिन्ही उत्तरं 'नाही' आली आणि तुम्ही निघालात. तरी आकाश बदलू शकतं, म्हणून थोडी तयारी. आमच्या शेजारचं एक कुटुंब असंच एकदा पुरामुळे मधल्याच स्टेशनात रात्रभर अडकलं होतं. खायला भरपूर होतं. आजोबांच्या बीपीच्या गोळ्या मात्र सीटखालच्या सुटकेसमध्ये, सुटकेस साखळीने बांधलेली, आणि साखळीची किल्ली पलीकडच्या डब्यातल्या मुलाच्या खिशात. दोन डब्यांना जोडणारी वाट, म्हणजे व्हेस्टिब्यूल, बंद. तुमच्या सासूबाईंच्या गोळ्या त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत हव्यात, ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघा-तिघांच्या फोनमध्ये. शुगर एकदम उतरली तर म्हणून ग्लुकोज आणि साखर त्याच पिशवीत. इन्सुलिन असेल तर ते थंड ठेवायची सोय डॉक्टरांना विचारून. चार-पाच हजारांच्या सुट्ट्या नोटा, दोन पॉवर बँक, एक बॅटरी.

खाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार? ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पुण्या-मुंबईचे लोक प्रवासाला ब्रेड नेतात आणि दुसऱ्या दिवशी टाकतात. कडक भाकरीला आठवडाभर काही होत नाही, फक्त ती मऊ कापडात बांधून घट्ट डब्यात ठेवा. उपसागराची दमट हवा लागली की चिवट होते. धपाटी पहिल्या दिवसापुरतीच. सासूबाईंना दात त्रास देत असतील तर कडक भाकरी दह्यात किंवा आमटीत मोडून. गाडीत दही मिळेल याची खात्री नाही, म्हणून त्यांच्यासाठी दशम्या वेगळ्या.

गाडी मध्येच थांबली तर लहान स्टेशनावर उतरून टॅक्सी शोधायला जाऊ नका. थांबलेल्या गाडीत शौचालय असतं, छप्पर असतं आणि रेल्वेची जबाबदारी असते. बाहेर पडलात की यातलं काही नाही. १३९ ला फोन, टीटीईला विचारणं, आणि रेल्वे सांगेल तेव्हाच उतरणं. पुरीत पोचल्यावर इशारा आला तर लगेच त्याच दिवशी भुवनेश्वरला सरका, ते साठेक किलोमीटर आत आहे. 'उद्या सकाळी दर्शन करून निघू' म्हणू नका. मुलं समुद्र बघायचा हट्ट धरतील, मोठेही धरतात, नेऊ नका. आणि अगदीच अडकलात तर एक लक्षात ठेवा: वादळाचा मध्य डोक्यावर आला की वारा एकदम पडतो, कधी आभाळही उघडतं. संपलं असं वाटतं. थोड्या वेळाने तोच वारा उलट्या दिशेने येतो. तेव्हा सरकारी सूचना येईपर्यंत दार उघडायचं नाही.

आता न जाण्याची बाजू. घरी राहिलात तर मुलांचं तोंड उतरेल, म्हणून कुणीतरी गाणगापूरचा विषय काढेल. एरवी मी हो म्हटलं असतं. पण आंध्रच्या किनाऱ्यावर आलेलं वादळ तिथेच थांबतं असं सोलापूरकराने तरी समजू नये. १३ ऑक्टोबर २०२० ला एक डीप डिप्रेशन काकीनाड्याजवळ आत आलं, हैदराबादला बुडवून पश्चिमेला सरकत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या डोक्यावर होतं. पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. उजनीतून पाणी सुटलं, भीमाकाठ बुडाला. त्यालाही नाव नव्हतं. आणि २०२५ च्या सप्टेंबरातला सीनेचा पूर, लांबोटीला पुण्याचा महामार्ग बंद झालेला, तो तर सगळ्यांना आठवतोच. तेव्हा रविवार ते मंगळवार भीमेच्या आणि सीनेच्या काठाचा कुठलाच बेत नको: गाणगापूरचा संगम नको, पंढरपूरला नदीत उतरणं नको. मुलांना न्यायचंच तर आधी दोन दिवस पावसाचा अंदाज बघा आणि मग विजयपूर-बदामी करा. सोलापूरहून सरळ रेल्वे आहे, गोलघुमटात नऊ वर्षांच्या मुलाला ओरडायला मिळालं की तो समुद्र विसरतो.

आणि जा किंवा राहा, मिस्टरांना गुरुवारीच कारखान्यात एक चक्कर मारायला सांगा. सुट्टीत शेड बंद, कामगार घरी, अशा वेळी पाऊस शिरला तर कळायला चार दिवस जातात. सुताची पोती जमिनीवरून उचलून फळ्यांवर, तयार टॉवेलचे गठ्ठे पत्र्याच्या गळक्या बाजूपासून लांब, मेन स्विच बंद, पन्हळीतला कचरा काढून टाकायचा. शेजारच्या शेडचा कुणी गावात राहणार असेल तर किल्ली त्याच्याकडे, आणि त्याचा नंबर तुमच्याही फोनमध्ये.